खाणारी तोंडं

मर्थर टिडफिल. चढावरचं शेवटचं घर.
ग्लेनिसबाई कोट घालूनच दार उघडतात.

जिन्याखाली मीटर. काल दुकानातून
चावीत पाच पौंड भरून आणले;
रात्रीत त्यातले साठ पेन्स गेले,
एक दिवा न लावता.

अर्ध्या तासाच्या बोलीवर मी त्यांना आंघोळ घालते.
पाणी किती तापवू,
हे विचारावं लागतं.
करंगळी बुडवून त्या म्हणतात, पुरे.

नवरा खाणीत होता तेव्हा
कोळशाची पोती दारात येऊन पडत
आणि खिडक्या उघडाव्या लागत.

आज सवलतीचा अर्ज भरायला बसलो.
घरात माणसं किती? मी वाचलं.
त्यांनी जिन्याखाली पाहिलं,
जिथे लाल आकडा लुकलुकत होता.

"खाणारी तोंडं ना?
दोन लिही."