स्मरणचित्र, वेळ दोन तास

गाळा नंबर एकोणीस, रबाळे.
शेजारी पावडर कोटिंगची भट्टी,
त्यामुळे माझ्या भिंतीला कायम कणकण.
ओला रंग इथं लवकर सुकतो,
आणि दुपारी तीनला भट्टीवरचा पोरगा डोकावून विचारतो,
'मॅडम, माल काय काढता तुम्ही?'

राखाडी, मी म्हणते.
आणि ते खोटं नाही.

फळीवर लोणच्याच्या बरण्या, प्रत्येकीवर चिठ्ठी:
घणसोली, ओहोटी, सकाळी सात.
दिवाळे, जेट्टीखालचा.
पावणे, क्रशरचा, पळसाच्या पानावरून झटकलेला.
चाळते, खलते, डिंकात मळते,
वहीत मांडते कुठला रंग किती दिवसांत उतरला.
दिवाळ्याच्या पदीबायने बरणी उजेडात धरली.
'काला नाय यो, बाय. यो रेंदा.
काला येगला.'
त्या रात्री सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या.

संशोधन बरंचसं असंच चालतं,
पुन्हा लिहीत.
बाकीचं रांगेत:
भूमी अभिलेखच्या खिडकीशी नकलेचे पैसे भरून
मी जुना नकाशा मागितला,
डोंगर पुरा होता तेव्हाचा.
कारकुनानं चष्मा वर केला.
'वारस आहात का?'

मंगळवारी आणि शुक्रवारी तुर्भे स्टोअरची शाळा,
खिचडीनंतरचा तास, सातवी ब.
हेडसरांना कुंपणाच्या भिंतीवर स्वच्छतेची चित्रं हवीत
आणि एलिमेंटरीला निदान अकरा पास.
म्हणून वस्तुचित्र: बादली, टॉवेल, दोन कांदे.
म्हणून भूमिती. म्हणून स्मरणचित्र.
सरावाचा विषय मी दिला: आपला डोंगर. वेळ दोन तास.

चौतीस हिरवे त्रिकोण आले, मधून सूर्य.
एकाच्या शेंड्यावर बर्फ.

अंबव्वा धोत्रेच्या कागदावर डोंगरच नव्हता.
जिना होता, आमच्याच शाळेचा, तिसरी पायरी फुटलेली.
फलाटाची कड. उड्डाणपुलाचा एक पाय.
कुणाच्या तरी दारातला पाटा-वरवंटा.
आणि कोपऱ्यात उकिडवा बसलेला माणूस,
पाठीचा बाक पेन्सिलीनं तीनदा गिरवलेला.

'डोंगर कुठाय?'

'हाच की, बाई. आप्पानं फोडला, गाडीत भरला.
मग जिथं जिथं गेला, तिथं तिथं काढलाय.
सगळा नाय मावला.'

मार्क द्यायचे असतात.
प्रमाण, पार्श्वभूमी, विषयाशी सुसंगती.
परीक्षक हेच देतील म्हणून मी 'क' लिहिला
आणि चित्र मात्र गाळ्यावर घेऊन आले.

आठ दिवस ते माझ्या कॅनव्हासशेजारी होतं.
माझा राखाडी सहा फुटांचा, चौदा थर,
बाजूला तिचा पाव कागद, चार टाचण्यांवर.
गुरुवारी गॅलरीचे अष्टेकर आले.
हात मागे बांधून हिंडले,
चौदा थरांवरून नजर तशीच पुढे गेली
आणि तिथं थांबली.
'हे नवीन काम?'

नाही म्हणायला मला
शेजारच्या भट्टीचं दार
उघडून बंद होईतो वेळ लागला.

शुक्रवारी चित्र परत दिलं.
'क' खोडून टाकला होता,
त्याच्या जागी काय लिहावं ते सुचलं नव्हतं.
तेवढा कागद खरवडून इतका पातळ झालेला
की खाली धरलेलं बोट दिसत होतं.
मी बोलायला लागले, माफीसारखं काहीतरी.
लांबवलं जरा.

ती चित्र उलटं करून बघत होती.
'बाई, मागची बाजू कोरीच आहे ना?
मग उरलेला काढते.'