गुरुवारचं भरीत

वांगं घेतलं ते सवयीनं.
बालेवाडीच्या बाजारात टोपल्या आवरत होत्या,
एका टोपलीच्या तळाशी ते एकटंच उरलं होतं,
पोटाशी जरा वाकडं, देठाला अजून काटा.
काटा बोटात गेला, आणि मी म्हटलं, द्या.

घरी येऊन आठवलं,
आपल्याकडे आता जाळच नाही.
सातव्या मजल्यावर एक गुळगुळीत काळी काच आहे.
पातेलं ठेवलं की ती गुणगुणते,
वांगं ठेवलं तर
चार वेळा टिटिट करून डोळे मिटते.
आणि आज तर तेही नाही,
आज गुरुवार.
पाचला येणारी लाईट सात वाजले तरी यायची आहे,
लिफ्ट कुठल्याशा मजल्यावर निजलेली,
आणि मी ओट्यापाशी उभी,
हातात अर्धा किलो अंधार.

जिना उतरले.

पंपघराच्या मागे तीन विटा मांडून
भिकन सोनवणे चहा उकळत होते.
रात्रपाळी आठला, पण माणूस सहालाच हजर.
वांगं त्यांनी तळहातावर तोललं,
नखानं टिचकी मारून ऐकलं.
"ताई, हे भरताचं नव्हे.
भरताचं वांगं हिरवं, अंगावर पांढऱ्या रेघा,
बी शोधावी लागते.
हे आपलं भाजीचं."
मग जरा थांबून, "पण आणलंय तर भाजू."

कोपऱ्यात कुणाच्या तरी फर्निचरच्या उरलेल्या फळ्या होत्या.
मी एक उचलली.
"प्लायवूड नको. डिंक लागतो वांग्याला."
महापालिकेनं तोडून टाकलेल्या सुबाभळीच्या काटक्या
त्यांनी पोत्याखाली जपून ठेवल्या होत्या.
"पऱ्हाटी असती तर..." म्हणाले,
आणि वाक्य तिथंच जाळात सरकवलं.

तेलाचा हात. सुरीनं तीन चिरा.
चिरांत लसणाच्या पाकळ्या, आत ढकलून, अंगठ्यानं.
साल आधी चकाकली,
मग सुरकुतली,
मग एका बाजूनं तिनं फुस्सकन श्वास सोडला.
ते बोटांनीच फिरवत होते.
मी चिमटा आणते म्हटलं, तर हसले.

वास जिन्यातून वर गेला,
लिफ्ट नव्हती तरी.
तिसऱ्या मजल्यावरून बेहेरेबाईंचा आवाज,
"काय जळतंय खाली?"
आम्ही दोघं एकदम म्हणालो, "वांगं!"
वर बराच वेळ शांतता.
मग एकेका बाल्कनीत
माणसं येऊन उभी राहिली, नुसतीच.

साल सोलताना बोटं काळी झाली, त्यांची आणि माझी.
स्टीलच्या ताटलीत फुलपात्राच्या बुडानं ठेचलं,
भाजलेल्या मिरच्या, शेंगदाणे, मीठ,
वरून कच्चं तेल, कोथिंबीर देठांसकट.
"घरी कोण भाजतं आता?"
"पोरगा. गॅसवर. व्हिडिओ कॉल लावून दाखवतो."
काटकी मोडली.
"दिसतं छान."

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काय घालता यात?"
"दही."
"आणि?"
"चिमूटभर साखर," मी म्हटलं, जरा हळू.
रजिस्टरात नोंद न करता
आत शिरू पाहणाऱ्या माणसाकडे बघतात
तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.
तरी अर्धं भरीत डब्यात भरलं,
वर एक कच्चा कांदा ठेवला, मुठीनं फोडलेला.

पाचव्या मजल्यावर असताना लाईट आली.
साऱ्या इमारतीतून हुश्श.
माझ्या ओट्यावरची काच जागी होऊन
एकदा टिट म्हणाली.
मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.
फ्रीज उघडला.
दही घातलं. दोन चमचे.
साखर मात्र डब्यातून काढून परत डब्यात टाकली.

सकाळी ऑफिसात एका गिऱ्हाइकानं
त्याच्या विवरणपत्रावर बोट ठेवून विचारलं,
"मॅडम, इथं अंगठा कुणाचा?"
मी बघितलं. काळा, अर्धवट, कडेला तेलकट.
काल हात तीनदा धुतले होते.
"नवीन प्रिंट काढते," मी म्हटलं,
आणि तो कागद
त्याला न दिसेल असा
नाकाशी नेला.