कोरडं

ईस्टरच्या आदल्या रात्री दर वर्षी
टीव्हीवर तो सिनेमा लागतो. पावणेचार तासांचा,
साबणाच्या जाहिराती धरून पाच.
भाच्यांना मी सांगते, हसा, खुशाल हसा.
हसण्यासारखं आहेच त्यात.

चाळीस वर्षं वाळवंटात वणवण करून
राजकन्येची लिपस्टिक जराही हललेली नाही.
गुलामांचे दात एकजात पांढरे.
एकच देव मानणाऱ्या त्या टोळीतल्या एकाच्या दंडावर
देवी काढल्याची ठसठशीत खूण.
प्रेषित निळ्या डोळ्यांचा. बोलतो असा,
जणू प्रत्येक वाक्य लगेच दगडात कोरायला द्यायचंय.
आणि देवाचा आवाज थेट
आमच्या ब्रॉलीच्या बँक मॅनेजरचा,
कर्ज नाकारण्याआधी तो घसा साफ करायचा
तेव्हाचा.

गावाबाहेर वाळूच्या टेकड्यांत इजिप्त उभं राहिलं,
प्लास्टरचं, फक्त पुढून रंगवलेलं.
मागे लाकडी टेकू, आणि टेकूंच्या सावलीत
डबे उघडून बसलेले फॅरोचे शिपाई.
पहाटे चारला लेट्यूसच्या शेतावर ट्रक आला.
मुकादम द्यायचा त्याहून दीड डॉलर जास्त,
म्हणून बाबा चढले.
उन्हानं रापलेल्या त्या सगळ्यांना ओळीत उभं करून
अंगाला तपकिरी रंग फासला.
"माझा होता त्याचं काय बिघडलं?"
बाबांनी स्पॅनिशमध्ये विचारलं.
रंगवणाऱ्यानं मान हलवली, दुसरा हात पुढे करायला सांगितला.

सकाळभर ते गुलाम.
पाठीवर गाठोडं, काखेत उसनी शेळी,
कोरड्या वाळूतून पळायचं, डावीकडून उजवीकडे.
पाणी नंतर घालू, म्हणाले, स्टुडिओत.
दुपारी शिपाई कमी पडले.
मग डोक्यावर शिरस्त्राण, हातात भाला,
आणि तीच वाळू, तीच दिशा, पुन्हा.

म्हणजे पडद्यावर माझे बाबा
स्वतःच्याच पाठी लागलेत.
पुढचे तरतात. मागचे बुडतात.
"बुडायचे पैसे जास्त होते,"
याहून जास्त ते कधी बोलले नाहीत.

मी सात वर्षांची होते तेव्हा थिएटरात पाहिला.
पडदा उघडायच्या आधीच बराच वेळ संगीत वाजत राहिलं,
बंद लाल मखमलीकडे बघत आम्ही चर्चसारखे गप्प.
समुद्र कसा फाडतात ते आम्हाला ठाऊक होतं.
हौदात दोन्हीकडून पाणी सोडायचं, फिल्म उलटी फिरवायची.
लाइटवाल्यानं बाबांना सांगितलेलं, बाबांनी अख्ख्या गल्लीला.
तरी पाणी भिंतीसारखं उभं राहिलं
तेव्हा बाल्कनीत कुणाचाही श्वास ऐकू येईना.
आईनं क्रूस केला.
खोटं आहे हे माहीत असूनही अंगावर काटा येतो,
तो काटा खोटा असतो का?
मला अजून सांगता येत नाही.
नंतर आलेल्या शहाण्या, करड्या, खऱ्या सिनेमांत
मला तो एकदाही आला नाही.

बाबा मात्र पडद्याकडे बघत नव्हते.
बुटांकडे बघत होते.

कालवा ओलांडला तेव्हा मी जन्मले नव्हते.
रात्र होती. बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ निकानोर.
काठावर काकानं मनगटावरचं घड्याळ काढून दिलं,
तुला पोहता येतं, तुझ्या टोपीत कोरडं राहील.
पाणी जागचं हललं नाही.
घड्याळ कोरडं राहिलं.

आता बघा, भाच्यांनो, हा आला तो शिपाई.
घसरतो, मनगटावरची पितळी पट्टी सरकते,
आणि खाली, तीन हजार वर्षं आधी,
चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ.
मुलं टाळ्या पिटतात, सोफ्यावर लोळतात.
कपडेपटाच्या बाईनं दोनदा बजावलं होतं, काढ म्हणून.

किती वाजलेत ते दिसत नाही.
लाट येते, मग साबणाची जाहिरात.
मी आवाज कमी करते
आणि कॉफी ठेवायला उठते.