खरवडलेलं नाव

फिद्दा पहाटे नळीला कान लावते.
डॉक्टर लावतो तसा नाही,
शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकताना
भिंतीला लावतात तसा.

समुद्राच्या पातळीखाली चारशे मीटर
हे टोमॅटोचं गाव.
देश तळहाताएवढा,
आणि तळहातावर ठरेल तेवढंच पाणी.
थेंबे थेंबे तळे साचे म्हणणारे लोक
कुठल्यातरी ओल्या मुलखातले असणार.
इथे वाफ्यात तळं दिसलं
की मिस्काल शिव्या देत धावतो:
नळी फुटली!
एकच तळं आहे इथलं, खारं, उत्तरेला,
तेही दरवर्षी मागे सरतं,
पाहुणे येताना दिसले
की मागच्या दाराने निघणाऱ्या माणसासारखं.

नळी काळी, अंगठ्याएवढी जाड,
हाताहातावर छिद्र,
तासाला दोन लिटर, घड्याळ लावून.
कागद म्हणतात ती सायप्रसहून आली.
सायप्रसमध्ये तिने काय पाहिलं, देव जाणे.
ती आली पलीकडून,
रात्री जिथले दिवे ओसरीतून मोजता येतात,
आणि जिथलं नाव कुणी काढलं
की चहाच्या दुकानात पेले खाली ठेवल्याचा
आवाज ऐकू येतो.
फिद्दाचे वडील ज्या लढाईतून परतले नाहीत
ती त्याच दिशेशी झाली होती.
म्हणून माल उतरला त्या रात्रीच
पुतण्याने ब्लेड घेतलं.
नळीवरचं नाव, गाळणीवरचं नाव,
सगळं खरवडून काढलं.
दोन दिवस त्याला भाकरी मोडता येईना.

टोमॅटोलाही आता नाव नसतं.
पूर्वी अवादचा ट्रक
दमास्कसला न्याहारी करून पुढे जायचा.
मग सरहद्द बंद झाली.
नऊ रात्री तो रांगेत झोपला.
दहाव्या सकाळी ट्रकच्या मागून
लाल पाणी ठिबकायला लागलं,
कुत्री हुंगून परत गेली.
आता एक व्यापारी येतो, शर्टाला इस्त्री,
कोऱ्या पांढऱ्या पेट्या आणतो.
कुठे जातो माल?
जिथे खातात तिथे.
किलोमागे सात किर्श जास्त देतो.
फिद्दाने पुढे विचारलं नाही.
सात किर्शला माणूस एका कानाने
बहिरा होऊ शकतो.

ऐन मार्चात गाळणीचं रबर फाटलं.
पंचवीस ओळी कोरड्या.
अम्मानचा दुकानदार फोनवर जांभई देत म्हणाला,
नंबर सांगा, बाई.
नंबराशिवाय रबर कसं शोधू?
नंबर नावाच्या शेपटीला होता.
पुतण्या स्वतःच्या चपला बघत उभा.
दुपारपर्यंत पानांनी मान टाकली,
आणि मिस्काल, जो एरवी शिव्या देतो,
गप्प बसून खडे फेकत राहिला.

फिद्दा सकाळपासून कोंब खुडत होती.
टोमॅटोच्या झाडाचा रस आधी हिरवा,
मग काळा,
साबणाला दाद देत नाही.
तो काळा अंगठा तिने
गाळणीच्या झाकणावर रगडला.
ब्लेड घाईत असतं,
अक्षराच्या तळापर्यंत जात नाही.
आधी एक चार उमटला,
मग शून्य, मग सात की एक,
मग पुतण्याला वाचता येत नाहीत
अशी तीन अक्षरं,
उजवीकडून डावीकडेच चालणारी,
आपल्यासारखीच.

आकडे तिने फोनवर सांगितले,
अक्षरं नाही.
पलीकडून दुकानदाराने क्षणभर श्वास घेतला.
आहे, म्हणाला.
सायप्रसचं आहे.
हो, ती म्हणाली, सायप्रसचं.

गुरुवारी ती अनुदानाच्या कागदावर
अंगठा द्यायला गेली.
कारकुनाने शाईची डबी पुढे सरकवली,
तिचा हात पाहिला,
आणि झाकण पुन्हा लावून टाकलं.