एकशे चार किलो

आल्टाच्या दुकानात तूरफिनने
आमच्या क्वाडचे चारही शॉकअप काउंटरवर मांडले.
दोघांच्या सीलमधून तेल झिरपलेलं,
एकाचा दांडा वाकलेला,
चौथा नुसताच म्हातारा.
"बारा वर्षं चालले," तो म्हणाला,
"आणखी काय हवं होतं यांच्याकडून?"

भिंतीवर नवे टांगलेले, लाल, पिवळे,
काहींना बाजूला गॅसची डबी,
किंमत अशी की दोन रेनडिअर विकावेत तेव्हा एक यावा.
चांगला कुठला, मी विचारलं.
चांगला असा नसतो, म्हणाला.
कोण बसतं, काय लादता, कशावरून जाता ते सांग.
स्प्रिंगला माणूस कळत नाही,
वजन कळतं.

कशावरून जातो?
मी सांगतच सुटले.
आधी दलदल, मग खुरट्या बर्चची मुळं,
मग दगड, बर्फाने कुठूनतरी ढकलत आणून
पठारावर टाकून दिलेले, बेवारस.
पिल्लांच्या कानांवर खुणा कापायच्या रात्री
सूर्य बुडायचं नावच घेत नाही,
आणि कळपही थांबायचं.
गेल्या जुलैत परतले तेव्हा
चहाचा कप मला दोन्ही हातांनी धरावा लागला होता.

"चालवणार कोण?"
मी. एकोणसाठ किलो.
"आणि मागे?"

बाबा बाकावर बसले होते, टोपी गुडघ्यावर.
"एकशे चार," ते म्हणाले.
आवाज तोच, कळप वळवायचा.

होते ते एकशे चार.
या स्प्रिंगा त्यांच्याच मापाच्या.
तेव्हा ते पुढे, मी मागे पाठीला चिकटून,
आमच्या मध्ये कुत्र्याचं पिल्लू.
दगड आला की म्हणायचे, "धर."
मी धरायची, आणि दगड माझ्यापर्यंत यायचाच नाही,
त्यांच्यातच कुठेतरी जिरायचा.

मग ट्रॉम्सोच्या हॉस्पिटलात एक अख्खा हिवाळा.
फेब्रुवारीत नर्सने आकडा लिहिला: बहात्तर.
पट्ट्याला नवी भोकं मीच पाडली,
कान कापायच्या सुरीनेच.

एकशे चारची स्प्रिंग बहात्तरला दाद देत नाही.
दबतच नाही ती.
प्रत्येक दगड सरळ वर येतो, सीटमधून,
मणक्यातून, टाके घातलेल्या पोटातून.
आणि बहात्तर म्हणावं, तर इथे?
तूरफिनसमोर, ज्याच्या बापाला
त्यांनी याच काउंटरवर पंजा लढवून लोळवलं होतं?

तूरफिनची पेन्सिल थांबली.
तो बाबांच्या कॉलरकडे बघत होता.
कॉलर आणि मान यांच्यात एक मूठ मावली असती.
"एकशे चार," मी म्हणाले.
त्याने लिहिलं.

बाबा कुत्र्याला पाणी द्यायला बाहेर गेले
तशी मी बोटं वर केली.
सात. मग दोन.
त्याने खाडाखोड केली नाही.
कागद उलटा केला, मागच्या बाजूला लिहिलं.

मधल्या किमतीचे घेतले, मऊ स्प्रिंगचे,
खाली ताण वाढवायचं कडं असलेले.
"माणूस पुन्हा भरला," तूरफिन म्हणाला,
"की दोन आटे आवळ."
त्या एका वाक्यासाठी
मी भाव करायचा सोडून दिला.

जुलै. मी पुढे, बाबा मागे.
त्यांचे हात माझ्या कमरेला,
सवय नसलेले, जरा लांबच.
दगडांचा पट्टा दिसला.
"धरा," मी म्हणाले.
चाकं चढली, उतरली,
खाली चार शॉकअप श्वास घेतल्यासारखे आत-बाहेर झाले,
आणि मी कान मागे लावून ऐकत राहिले,
कण्हणं येतं का.

पलीकडे गेल्यावर ते म्हणाले,
"यंदा जमीन मऊ लागतेय."
"बर्फ उशिरा वितळला," मी म्हणाले.

बराच वेळ नुसतं इंजिन.
मग माझ्या खांद्याशी:
"सात आणि दोन.
त्या दुकानाला काच आहे, पोरी."

मी वळून बघणार तोच
त्यांनी हात सोडून पुढे बोट दाखवलं.
"डावीकडून घे.
ती पांढरी मादी बघ,
फसवणार आहे तुला."