किती सीसी?

धारूरच्या स्टँडसमोर गाडी लावली
की चहाच्या आधी प्रश्न येतो:
किती सीसीची हाय मॅडम?
अडीचशे.
शंभरवाला लगेच पुढचा विचारतो,
किती देऊ लाली?
पस्तीस म्हणाले की बघतो माझ्याकडं
चाऱ्याला भारी, दुधाला हलक्या
म्हशीकडं बघावं तसं.

कधी पुण्याकडून जातात साडेसहाशेवाले,
पाच-सहा जण, गुडघ्यांना कवचं बांधून.
एकानं हेल्मेटची काच वर करून सांगितलं होतं,
छान आहे, शिकायला चांगली.
बरं, म्हणाले.
सहावं वर्ष चालू आहे, शिकतेय.

जिलानी मिस्त्री कुणाचीच बाजू घेत नाही.
चेन घट्ट करता करता म्हणतो,
अडीचशे म्हणजे तिसऱ्या गियरची गाडी.
पहिला सगळ्यांचा सारखाच रडतो,
पाचव्याला आपल्याकडं रस्ता कुठंय?
तिसऱ्यात घाट चढतो का बघा,
बाकी सगळं स्टिकर.

माझा सीसी तसा निराळाच.
वासराला दोन, गाईला दहा,
आणि व्यालेली म्हैस थंड पडून मान टाकते तेव्हा
साडेचारशे सीसी कॅल्शियम, मानेच्या शिरेतून,
बाटली हातात धरून, दमादमानं.
घाई केली तर काळीज थांबतं.
गोठ्यात सगळे म्हणत असतात, सोडा की लवकर.
मी मात्र तिसऱ्या गियरवर.

त्या रात्री भोगलवाडीची म्हैस उठली.
आधी कान, मग मागचे पाय,
मग थरथरत अख्खी.
घरच्यांनी गूळ दिला, मी निघाले,
आणि तीन किलोमीटरवर गाडी खोकून बंद.
रिझर्व्हचा खटका मीच परवा फिरवलेला,
मीच विसरलेली.

अंधारातून एक मिणमिणता दिवा आला.
लिंबाजी तिडके, दुधाचे दोन कॅन,
आणि टाकीवर बसलेलं पोरगं, स्वेटरवर मफलर.
त्यानं काहीच विचारलं नाही, सीसीसुद्धा.
म्हणाला, न्यूटल करा. हँडल सरळ धरा.
आणि डावा पाय माझ्या मागच्या फूटरेस्टला लावून
शंभरनं अडीचशेला ढकलायला सुरुवात केली.

मी कधी इतकी गप्प गाडी चालवली नव्हती.
इंजिन त्याचं, दिवा त्याचा,
माझं फक्त वजन.
चढाला त्याची गाडी कण्हायला लागली
तसं पोरगं टुणकन उतरलं
आणि आमच्या बाजूनं पळत राहिलं,
कॅनच्या खडखडाटावर ताल धरून,
जणू तेवढे पंधरा-सोळा किलो
त्यानं आपणहून इंजिनला दिले होते.

पंपावरचा पोरगा खाटेवरून उठेपर्यंत
ह्यानं अखेर विचारलंच:
किती सीसीची हाय?
माझ्याकडं उत्तर पाठ होतं,
पण मी पेटी उघडली,
दहा सीसीची कोरी सिरिंज काढली, बिनसुईची.
म्हटलं, अशा पंचवीस.
आणि तुमची? अशा दहा.
त्याला खोटं वाटलं.

मग पंपाच्या नळावर बसून
त्यानं कॅनचं झाकण उलटं धरलं
आणि सिरिंजनं पाणी ओढून सोडत राहिला,
मोठ्यानं मोजत, सातला चुकून पुन्हा पहिल्यापासून.
दहा झाल्या.
झाकणाचा तळ जेमतेम भिजला होता.

येवढंच? तो म्हणाला.
झाकण हलवलं, पंपाचा दिवा त्यात हलला.
ह्येच्यात मी, पप्पा, दोन कॅन
आन् मॅडमची गाडी?

लिंबाजी टाकीचं बूच लावत होता.
शंभराचं, त्यानं पंपवाल्याला सांगितलं,
आणि माझ्याकडं न बघता,
मॅडमच्यात आधी टाक.

पोरगं ते पाणी ओतायला तयार होईना.
दोन्ही हातांत झाकण धरून
मागं बसलं, बापाच्या पाठीला चिकटून.
आडसच्या फाट्यापर्यंत मी त्यांच्या मागं होते,
तिसऱ्या गियरमध्ये.
खड्डा आला की बाप हळू व्हायचा.
मीही.