काळजाचा धडा

माझ्या मुलांना दप्तर नाही.
शाळा स्वयंपाकघरातच. कारखान्याचा भोंगा झाला
की प्रार्थना, मग पाढे, मग शरीर.

खडकी बाजारात मटणवाल्याला म्हटलं, काळीज द्या.
त्यानं तोलून दिलं
गर्द तांबडं, लिबलिबीत, मुकं.
शलोमीनं कान लावला. "हे धडधडत कुठून होतं?"
अनुग्रहनं पुस्तकातलं चित्र दाखवलं:
"आई, हे यकृत आहे."

मी हसले. माया, धसका, घरं पडणं, तुकडा असणं,
सगळं आपण काळजात नेऊन ठेवलं
आणि दुकानात काळीज मागितलं तर हे मिळतं.
परत गेले. दिल द्या, म्हटलं.
मुठीएवढं मिळालं, पैसे घेतले नाहीत.

ताटात ठेवून चिरलं. चार खोल्या.
शलोमीनं करंगळी घातली. "आत कुणी नाही."
नसतंच गं. भरायचं आणि सोडून द्यायचं,
एवढंच याचं काम.
"चालवतं कोण?"
देव, मी म्हटलं.
"इथं तर विजेचा झटका लिहिलाय," अनुग्रह म्हणाला.
तेही लिही. दोन्ही ओळी लिही.

अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या खाकी कागदावर
मग शलोमी उताणी झोपली,
भावानं तिच्याभोवती खडू फिरवला.
ती उठली, आकृती तिथंच राहिली.
तिच्याकडे बघत बघत तिनं विचारलं,
"आबा असेच गेले का?"

आबांना कबर नाही.
चाळीस वर्षं फिटर. म्हणायचे,
उघडल्याशिवाय पोरांना यंत्र कळत नाही.
फॉर्मवर स्वतःच्या हातानं सही केली होती,
आणि फेब्रुवारीत त्यांची गाडी
कबरस्थानाकडे न वळता
संगम पूल ओलांडून ससूनला गेली.
पाळकसाहेबांनी घरीच उपासना घेतली,
मातीच्या शब्दापाशी अडखळले,
आणि हातातली मूठभर माती
कुठं टाकावी न कळून
मोगऱ्याच्या कुंडीत टाकली.

"कर्णा वाजला की कबरी उघडणार ना?
मग आबा कुठून उठणार? टेबलावरून?
डॉक्टर लोकांनी वेगवेगळे ठेवले असले तर?"

मी फडकं शोधायला लागले.
ज्यानं मातीतून घडवलं त्याला जोडता येतं,
असं काहीतरी म्हणाले. माझ्या बाबांनी मला सांगितलं तसंच,
त्याच घाईनं.
अनुग्रहनं मान वर केली नाही.
"आबा एकेक स्क्रू डबीत नाव घालून ठेवायचे.
देव काय आबांपेक्षा गबाळा आहे?"

हे मला सुचलं नव्हतं.
मला एवढंच सुचत होतं की मित्राच्या थडग्यापाशी
प्रभूही रडला, घटकाभरात त्याला उठवायचं
ठाऊक असूनही रडला.
मी ते सांगितलं. रात्री त्यांनी मोरीत नळ सोडून
रडणारी आई ऐकलेली आहे,
तिचा जमाखर्च लागावा म्हणून सांगितलं.

यकृत दुपारी कांद्यावर परतलं, मुलांनी पोळीशी खाल्लं.
दिल मात्र शलोमीनं शिजवू दिलं नाही.
रुमालात गुंडाळून मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं,
वर आइस्क्रीमच्या दोन काड्यांचा क्रूस.

तिसऱ्या दिवशी पहाटे, भोंग्याच्या आधी,
गॅलरीतून तिची हाक:
"आई! उठलं! रुमाल नुसता पडलाय!"

धावत गेलो. माती उकरलेली, क्रूस आडवा.
पलीकडच्या ओहोळांच्या पत्र्यावर
त्यांची भुरी मांजर मिशा चाटत बसलेली.
अनुग्रहनं मांजरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
शलोमी अंगठ्यांवर उभी, दोन्ही हात वर.

त्यानं काही म्हटलं नाही.
आत गेला
आणि वही उघडल्याचा आवाज आला.